पेटीतील जग आणि हातांतील जग

कादंबरीकाराने उभे केलेले जग अणुयुद्धातून वाचेल काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटण्याजोगा आहे. जे जग मुळात कागदावरच वसलेले, त्याचे बॉम्ब काय बिघडविणार? परंतु लेखक आपल्याच कल्पित जगावर असा घाला आणतो तेव्हा त्याला पुढच्याच पानावर काही हिशेब द्यावे लागतात. मागे काय उरले, ते कोणी जपले, आणि न समजताही का जपले? या तीन प्रश्नांची उत्तरे देताना लेखकाचा माणसावर किती विश्वास आहे ते उघडे पडते. शैलीच्या आड त्याला लपता येत नाही.

या त्रैमासिकाकडे अधूनमधून येणाऱ्या विज्ञानकथा संपादक आमच्याकडे वाचावयास धाडतात. त्यांतील अणुयुद्धाच्या कथांचा साचा आता आमच्या परिचयाचा झाला आहे. भोंगा वाजतो, आभाळ पांढरे होते, शहर संपते. आणि शेवटच्या परिच्छेदात राखेतून एक हिरवा कोंब डोके वर काढतो. या कोंबाविषयी आमची मोठी तक्रार आहे. त्याला पाणी कोणी घातले हे कोणताही लेखक सांगत नाही.

मराठीत या विषयाच्या सर्वांत जवळ जाणारी कृती शोधू लागलो, तर नाव येते ते कोल्हापूरच्याच भूमिपुत्राचे. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली होती. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी हे नाव बेतले, म्हणजे आपल्या कीर्तीची सावली परीक्षकांवर पडू नये. ही सचोटी त्यांच्या लेखनातही आहे. २०२५ च्या मे महिन्यात पुण्यात त्यांचे निधन झाले आणि मराठी विज्ञानकथेचा मोठा आधार गेला. त्यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी अणुयुद्धाची नव्हे, तरी ती आपला प्रश्न नेमका मांडते. जमिनीत खोल गाडलेली एक पेटी शास्त्रज्ञांच्या हाती लागते. ती आपल्या आधी होऊन गेलेल्या, आपल्याहून प्रगत अशा संस्कृतीची असते. पेटीतील ज्ञानाच्या आधारे वामन हा यंत्रमानव घडविला जातो, आणि ती संस्कृती ज्या वाटेने लयाला गेली त्याच वाटेवर आपलेही पाऊल पडत आहे हे हळूहळू उमगू लागते. पुराणातील बटूने तीन पावले मागितली आणि बळीने ती दिली. देणाऱ्याला मागणाऱ्याचे खरे रूप ठाऊक नव्हते. नारळीकरांनी हे नाव फार विचारपूर्वक निवडले आहे.

या कादंबरीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही त्या पेटीत आहेत. पेटीने ज्ञान वाचविले, पण त्या ज्ञानासोबत चालणारी माणसे मध्ये कोठेच नाहीत. पेटी पुरणारे आणि पेटी उघडणारे यांच्यामध्ये रिकामा काळ आहे. ‘बाळा, याला हात लावू नकोस, तुझ्या पणज्याचा हात यात पोळला होता,’ असे सांगणारी एकही आजी त्या रिकाम्या काळात बसलेली नाही. म्हणून पेटी धोक्याची ठरते. नारळीकरांना हे ठाऊक होते असेच आम्हांस वाटते. त्यांचा इशारा याच रिकामेपणाचा आहे. परंतु हा रिकामा काळ माणसांनी भरला तर काय होईल, याची कथा त्यांनी लिहिली नाही.

ती कथा लिहिली वॉल्टर मिलर या अमेरिकन कॅथलिक लेखकाने. ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्स’ ही त्याची कादंबरी १९५९ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि १९६१ मध्ये तिला विज्ञानकथेसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुस्तकामागचा माणूस थोडा ओळखून घेणे येथे आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धात मिलर अमेरिकन बॉम्बफेकी विमानात रेडिओ चालक आणि तोफची होता. पन्नासहून अधिक मोहिमांत त्याने उड्डाण केले. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीतील मोंते कासिनोचा मठ ज्या हल्ल्यात जमीनदोस्त झाला, त्या हल्ल्यात तोही होता. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात स्थापिलेला, पश्चिमेकडील मठजीवनाचे मूळ मानला जाणारा हा मठ. पुढे १९४७ मध्ये मिलर कॅथलिक झाला, आणि त्यानंतर त्याच्या लेखणीतून वाळवंटातला एक मठ उभा राहिला. मोंते कासिनोचा ग्रंथसंग्रह मात्र वाचला होता, कारण हल्ल्याच्या काही महिने आधीच तो मालमोटारींत भरून रोमला हलविण्यात आला होता. भिंती कोसळल्या, हातांनी उचलून नेले ते उरले.

कादंबरीत अग्निप्रलय होऊन गेला आहे. वाचलेल्यांचा राग विद्वानांवर निघतो. ज्यांनी बॉम्ब घडविला ते शिकलेले होते, म्हणून जो शिकलेला तो वैरी, असे म्हणत जमाव पुस्तके जाळतो आणि माणसेही. लीबोविट्स नावाचा विद्युत अभियंता मठाचा आश्रय घेतो, धर्मगुरू होतो आणि एक संघ स्थापन करतो. या संघाचे काही लोक पुस्तके चोरून आणून पिंपांत पुरतात, काही ती तोंडपाठ करतात. लीबोविट्स स्वतः जमावाच्या हाती सापडून हुतात्मा होतो. सहाशे वर्षांनी, उपवासकाळात वाळवंटात एकांत पाळणाऱ्या ब्रदर फ्रान्सिस या साध्याभोळ्या उमेदवाराला एक तळघर सापडते. त्यात काय असावे? लीबोविट्सच्या हातची वाणसामानाची चिठ्ठी आणि विद्युत मंडलाचा एक आराखडा. मठ या चिठ्ठीला पवित्र अवशेष मानतो. वाचक येथे हसतो, आणि मिलरला तो हसावयास हवाच आहे.

परंतु पुढे काय होते पाहा. फ्रान्सिस त्या आराखड्याची सुवर्णाक्षरी नक्षीदार प्रत काढतो. त्याला पंधरा वर्षे लागतात. आराखडा कशाचा, हे त्याला अखेरपर्यंत कळत नाही. रोमच्या वाटेवर दरोडेखोर ती देखणी प्रत हिसकावून घेतो आणि मळका मूळ कागद टाकाऊ समजून सोडून देतो. पंधरा वर्षांच्या त्या ‘व्यर्थ’ श्रमाने मूळ कागद वाचविला. परतीच्या वाटेवर फ्रान्सिसच्या कपाळात बाण रुततो. या पुस्तकातील विनोदाच्या खाली सदैव असा बाण असतो. शेकडो वर्षांनंतरच्या शेवटच्या भागात मठ कोसळतो, ढिगाऱ्याखाली अडकलेल्या मठाधिपतीच्या हाती तळघरातील जुन्या अस्थींतून एक कवटी येते, आणि तिच्या कपाळाला भोक असते. ती कोणाची हे त्याला ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे. साखळीतील दोन कड्या एकमेकींना न ओळखता भेटतात. कादंबरी या प्रकाराने एवढे मोठे काम क्वचितच केले असेल.

मिलर मात्र आपल्याला समाधानाने घरी जाऊ देत नाही. मठाने जपलेल्या कागदांतून पुन्हा विद्या जागी होते. मधल्या भागात मठातच विजेचा दिवा पेटतो, आणि त्याला जागा करून देण्यासाठी क्रूस भिंतीवरून काढला जातो. तिसऱ्या भागात पुन्हा बॉम्ब पडतात. म्हणजे संतांनी प्राण देऊन जे जपले, त्यातूनच दुसरा विनाश जन्मला. विद्या जपली की जग वाचले असे समजणाऱ्यांना हा उघड तडाखा आहे, आणि आमच्यासारख्या सेमिनरीत वाढलेल्यांना, ज्यांना मठांनी युरोप वाचविला असे अभिमानाने शिकविले गेले, त्यांनाही तो बसतो.

तिसऱ्या भागातील एक प्रसंग धर्मग्रामातील कुटुंबांनी अवश्य वाचावा. किरणोत्साराने भाजलेली एक आई आणि तिचे मूल. सरकारने अशा असाध्य रुग्णांसाठी वेदनारहित मरणाची छावणी उघडली आहे. मठाधिपती झेर्की तिला तेथे जाऊ नको म्हणून विनवितो. लहानपणी एका जखमी मांजराला ‘सोडविण्यासाठी’ आपण काय केले, ते मांजर कसे मरता मरेना, हे तो तिला सांगतो. उलट बाजूने बोलणारा डॉक्टर मिलरने खलनायक केलेला नाही. त्याचे शब्द खरे आहेत आणि वाचकाच्या मनात टोचत राहतात. रुग्णांना अभ्यंग देण्यासाठी रात्री-अपरात्री घरोघरी गेलेल्या कोणाही धर्मगुरूला हा वाद ओळखीचा वाटेल. झेर्कीची शिकवण आमची शिकवण आहे. तरीही त्या आईच्या तोंडी मिलरने फार थोडे शब्द दिले, ही उणीव आम्हांस खटकते. दोन पुरुष तिच्या मुलाच्या मरणाविषयी वाद घालतात आणि ती ऐकते.

येथेच या थोर पुस्तकाची मोठी फट आहे. मिलरच्या जगात स्मृती ब्रह्मचारी पुरुष वाहतात. शेवटी अंतराळयानात भगिनी आणि मुले चढतात हे खरे, पण तोवर कथा संपत आलेली असते. हजार-बाराशे वर्षे ही पोथ्यांची साखळी चालली, तर त्या काळात मठाबाहेरच्या घरांतून काहीच वाहिले गेले नाही काय? मठवासीयांनी खाल्लेली भाकरी कोणी भाजली? आणि एक बारीक नोंद: मिलरचे सारे भावी जग लॅटिनमध्ये प्रार्थना करते. पुस्तक दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या आधीचे आहे. काही वर्षांतच मिस्सा लोकभाषांत येईल आणि लॅटिन आमच्यासारख्यांच्या वहीत थोडीशी उरेल, हे त्याला कोठून कळावे!

आपल्याकडचे उदाहरण याच्या उलट आहे, आणि ते कल्पित नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रोमी लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवर बंदीचा हुकूम काढला. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. मग ग्रंथ कसा वाचला? हस्तलिखितांनी. भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नकला काढल्या, तो चर्चमध्ये आणि घरांत गाइला. १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी मंगळूरहून जी आवृत्ती काढली ती अशाच हस्तलिखितांवरून. देवनागरीतील एक हस्तलिखित लंडनला निघाले, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती दिली. कित्येक नकलनविसांना त्या जुन्या मराठीतला प्रत्येक शब्द कळत असेल असे नाही. त्यांची भाषा कोंकणी होती. ब्रदर फ्रान्सिसची ही भावंडे, फक्त त्यांच्या घरात मुलेबाळे होती.

आता कल्पित जग अणुयुद्धातून वाचवावयाचे, तर ते कोठे वसवावे? मिलरला अमेरिकेचे वाळवंट जवळचे होते. मराठी लेखकाने कोठे जावे? आम्ही एक जागा सुचवितो. आभाळ निवळले की कोल्हापूरच्या वायव्येस वाडी रत्नागिरीचा, म्हणजे जोतिबाचा डोंगर दिसतो. शहरापासून सुमारे अठरा किलोमीटर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फूट. माथ्यावर काळ्या बेसॉल्टची मंदिरे. केदारनाथाने रत्नासुराचा वध येथे केला, अशी कथा. आजचे मुख्य मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधले. दुसऱ्या धर्माच्या तीर्थाविषयी एका कॅथलिक धर्मगुरूने एवढे लिहावे काय, असे एखाद्या वाचकास वाटेल. आम्ही तेथील पूजेविषयी लिहीत नाही; तेथील वाहून नेण्याविषयी लिहितो, आणि शेजाऱ्याकडे पाहून शिकण्यात कमीपणा नाही.

चैत्र पौर्णिमेला गावोगावच्या सासनकाठ्या डोंगर चढतात. उंच, रंगीत, तोल सांभाळताना माणसांना घाम फोडणाऱ्या. कोणत्या गावची काठी कितव्या मानाची हे ठरलेले असते. सातारा जिल्ह्यातील पाडळीची काठी मानाची पहिली. पालखी यमाईच्या मंदिरापर्यंत जाते, गुलालाने वाटा लाल होतात आणि ‘चांगभलं’ची ललकारी उठते. काठी ही गावाची असते, खांदे बदलत राहतात. कोणी एक माणूस अख्खी यात्रा ‘जाणत’ नाही. पाडळीकरांना आपली वाट ठाऊक, डोंगरावरच्या गुरवांना आपला विधी ठाऊक. ही विभागलेली स्मृती आहे, आणि कादंबरीकाराला नेमकी हीच हवी. एक मठ कोसळला की मिलरचे सारे कोसळते. शंभर गावांत वाटलेले एकदम कोसळत नाही.

याची लहानशी परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत झाली. कोरोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ मध्ये चैत्र यात्रा भरली नाही. विधी मोजक्या माणसांत उरकले. आपल्या चर्चमध्येही त्या पहिल्या वर्षी पवित्र सप्ताह रिकाम्या बाकांपुढे साजरा झाला. २०२२ मध्ये काठ्या पुन्हा डोंगर चढल्या. दोन वर्षांची तूट साखळीने सोसली. वीस वर्षांची सोसेल काय? काठीचा तोल सांभाळणे पुस्तकातून शिकता येत नाही. ज्याने बापाच्या खांद्याशेजारी उभे राहून ती धरली, तोच पुढे धरील. पिढीभराची खाच पडली तर काठी उरेल, पण ती पेटीतील वस्तू होईल.

आणि खाच पडणारच, कारण पाऊस. मिलरच्या कादंबरीनंतर चोवीस वर्षांनी, १९८३ मध्ये, कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आण्विक हिवाळ्या’चा सिद्धान्त मांडला. जळत्या शहरांची काजळी उंच वातावरणात जाऊन सूर्य झाकते. २००७ मध्ये अॅलन रोबॉक प्रभृतींनी हिशेब केला, तो भारत आणि पाकिस्तान यांच्यातील युद्ध गृहीत धरून: हिरोशिमाच्या तोडीचे शंभर बॉम्ब, पन्नास लाख टन काजळी, जगाचे सरासरी तापमान सुमारे सव्वा अंशाने खाली आणि पावसात घट, परिणाम वर्षानुवर्षे. किरणोत्सारी धुळीचे गणित त्या मानाने सोपे आहे. काळ सातपट झाला की तिची तीव्रता एक दशांश होते. स्फोटानंतरच्या पहिल्या तासाच्या मानाने दोन दिवसांनी शंभरावा भाग आणि दोन आठवड्यांनी सुमारे हजारावा भाग उरतो. दगडी ओवरीच्या पोटात पहिला पंधरवडा काढता येईल. दुसरे वर्ष काढता येणार नाही. मृगाचा पाऊस आला नाही, पंचगंगेकाठचा ऊस वाळला, भाताचे तरवे पिवळे पडले, आणि कणगीच्या तळाशी बियाण्याचे धान्य उरले आहे. ते पेरावे की मुलांना घालावे? आमच्या कथालेखकांच्या त्या हिरव्या कोंबाची खरी कथा येथे आहे.

अशा जगात वाचलेले लोक अर्थ शोधतील, आणि तेथे धर्माची कसोटी लागेल. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीतील उराकामी कॅथेड्रलजवळ बॉम्ब फुटला. त्या वस्तीतील सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार गेले. हेच ते लोक, ज्यांच्या पूर्वजांनी छळाच्या काळात सुमारे अडीचशे वर्षे धर्मगुरूंविना, घरातल्या घरात श्रद्धा जपली आणि १८६५ मध्ये एका फ्रेंच धर्मगुरूपुढे येऊन ती उघड केली. मठाविना चाललेल्या साखळीचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. ढिगाऱ्यातून त्यांनी कॅथेड्रलची एक घंटा उकरून काढली आणि त्या नाताळच्या आदल्या रात्री ती वाजविली. तिची जोडीदार फुटली होती. अमेरिकन कॅथलिकांनी दिलेली नवी घंटा तिच्या जागी आली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही एकत्र वाजल्या. तेथील डॉ. ताकाशी नागाई यांनी पत्नी गमावली आणि स्वतः रक्ताच्या कर्करोगाने जर्जर असता रुग्णसेवा केली. आपले मृत हे देवाला वाहिलेले होमबली होते, असा अर्थ त्यांनी त्या संहाराला दिला. शोकाकुल समाजाला त्याने धीर मिळाला असेल. तरी आम्हांस हा अर्थ पचत नाही, आणि जपानमध्येही त्यावर पुढे टीका झाली. बॉम्ब माणसांनी टाकला. १९८१ मध्ये हिरोशिमात पोप जॉन पॉल दुसरे यांनी युद्ध हे माणसाचे कृत्य आहे हेच ठासून सांगितले. मिलरने आपल्या पात्रांना असा सोपा अर्थ दिला नाही, हा त्याच्या कलेचा आणि श्रद्धेचाही विजय आहे.

म्हणून आम्ही ज्या मराठी कादंबरीची वाट पाहतो, तिच्यात डोंगरावरच्या त्या वस्तीला सासनकाठी जपणारे हवेत, तसेच युद्ध का झाले हे मुलांना सांगणारे कोणी तरी हवे. शत्रूने केले एवढ्यावर न थांबता, १९७४ आणि १९९८ मध्ये पोखरणच्या बातमीवर आपण पेढे वाटले होते हेही सांगणारे. वाचलेल्या जगात ही गोष्ट सर्वांत आधी विसरली जाईल, कारण ती जपण्यात कोणाचाच मान नाही. सुवर्णाक्षरी प्रत काढावी अशी ती नव्हे. मळका कागदच तो. लेखक तरुण असो वा जुना, त्याने ही म्हातारी उभी करावी, तिला बियाण्याच्या कणगीशेजारी बसवावे आणि झेर्कीपुढच्या त्या आईला मिळाले त्याहून पुष्कळ जास्त बोलू द्यावे.